सूत्र आणि भाष्य : बुद्धिबळाच्या अभ्यासाची जुनी वाट



२८ जुलै २०२५ या दिवशी जॉर्जिया देशातील बातुमी या समुद्रकाठच्या नगरात नागपूरच्या एका मुलीने महिलांचा विश्वचषक जिंकला. दिव्या देशमुख तेव्हा एकोणीस वर्षांची होती. अंतिम लढतीत तिच्यासमोर कोनेरू हम्पी बसल्या होत्या. भारतीय महिलांना ग्रँडमास्टर पदाची वाट पहिल्यांदा दाखवणाऱ्या हम्पी वयाने तिच्याहून दुप्पट मोठ्या होत्या. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत सुटला आणि दुसऱ्यात दिव्याने काळी मोहरी घेऊन विजय मिळवला. त्या एका विजयाबरोबर ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. वर्षभरापूर्वी, जून २०२४ मध्ये, गांधीनगर येथे तिने अकरा फेऱ्यांत दहा गुण मिळवून कनिष्ठ गटाचे जागतिक मुलींचे अजिंक्यपद पटकावले होते आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाच्या सुवर्णपदकात तिचा मोठा वाटा होता.

नागपूरचा हा पहिला मान नव्हे. रौनक साधवानी २०१९ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, तर संकल्प गुप्ताने २०२१ मध्ये तो किताब मिळवला. एका शहरातून थोड्या वर्षांत तीन ग्रँडमास्टर निघावेत, ही सामान्य गोष्ट नाही. दिव्याने आपल्या यशाचे श्रेय देताना पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांचे स्मरण केले. तिने ग्रँडमास्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती. परंतु ती पूर्ण झालेली पाहण्यास ते राहिले नव्हते. २०२० मध्येच त्यांचे निधन झाले होते. गुरू निघून जातो, त्याने दिलेली दृष्टी मात्र शिष्याच्या हातून काम करीत राहते. आजच्या विषयाचे मर्म याच एका वाक्यात आहे.

असे यश आले की घरोघरी पट मांडले जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. नव्याने पटावर बसणारी ही मुले बुद्धिबळ शिकणार म्हणजे नेमके काय करणार? भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तीन-तीन मिनिटांचे शेकडो डाव खेळणार, गुणांकनाचा आकडा वर-खाली होताना पाहणार आणि हरल्यावर संगणकाला विचारणार की चूक कोठे झाली? की या खेळात मुरलेल्या एखाद्या महान खेळाडूच्या सहवासात राहून विचार करायला शिकणार? दोन्ही मार्ग बुद्धिबळाचेच म्हणवले जातात; पण ते एकाच ठिकाणी नेत नाहीत.

दुसऱ्या मार्गाचे स्वरूप भारतीय मनाला समजावून सांगणे फार सोपे आहे, कारण तो आपल्या ज्ञानपरंपरेच्या अंगवळणी पडलेला मार्ग आहे. आपल्याकडे शास्त्र सूत्रात बांधले जाते आणि भाष्यातून उलगडते. पाणिनीची सूत्रे पतंजलीच्या महाभाष्याविना सामान्य विद्यार्थ्याला किती उमजली असती? गीतेचे सातशे श्लोक मराठी माणसाच्या अंतःकरणात उतरले, ते १२९० साली नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या द्वारे. बुद्धिबळाच्या डावाची नोंद हेही एक सूत्रच असते. चाळीस-पन्नास चालींची ती नोंद तळहाताएवढ्या कागदावर मावते. हत्ती येथून तेथे गेला, उंटाने घोडा घेतला, एवढेच ती सांगते. तो हत्ती तेथेच का गेला, दुसरीकडे का नाही, प्रतिपक्षाने अमुक केले असते तर काय झाले असते, हे त्या कागदावर नसते. ते टीपांमध्ये असते. सटीप डाव म्हणजे सूत्रासह भाष्य. श्रेष्ठ खेळाडूने आपल्या डावावर लिहिलेल्या टीपा वाचणे म्हणजे त्याच्या शेजारी बसून त्याचा विचार ऐकणे.

या खेळाचे लेखन आपल्या भूमीला नवीन नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाचे वर्णन आले आहे. मूळच्या पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट हे सतराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रकार. त्यांच्या भगवंतभास्कर या ग्रंथातील नीतिमयूखात या खेळाचे निरूपण आहे. व्यवहार, श्राद्ध, प्रायश्चित्त अशा विषयांवर अधिकाराने लिहिणाऱ्या पंडिताला राजनीतीच्या प्रकरणात बुद्धिबळ लिहिण्याजोगे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईत छापले गेले. त्यात मात करण्याच्या स्थिती आणि त्यांची उत्तरे दिलेली होती. १८२९ मध्ये मद्रासेत गुलाम कासिम आणि जेम्स कॉक्रेन यांनी एका विशिष्ट प्रारंभाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्याला मद्रास आणि हैदराबाद या दोन नगरांमध्ये झालेल्या डावांची जोड होती. अर्थात खेळणे आणि खेळावर लिहिणे या दोन्ही गोष्टी येथे होत्या. तरीही संपूर्ण डाव घेऊन त्याच्या प्रत्येक वळणावर थांबून विचार उलगडण्याची परंपरा मात्र युरोपात बहरली, आणि त्या अभावाची किंमत एका महान भारतीय खेळाडूने मोजली.

तो खेळाडू म्हणजे मीर सुलतान खान. अखंड भारतातील पंजाबच्या सरगोधा भागातील हा तरुण १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेता झाला आणि पुढच्या वर्षी सर उमर हयात खान या जमीनदाराबरोबर इंग्लंडला गेला. भारतीय पद्धतीत वाढल्यामुळे युरोपीय नियम त्याला उशिरा शिकावे लागले होते. प्रारंभाच्या पुस्तकी ज्ञानाची जोड त्याला फारशी नव्हती. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे तो ब्रिटनचा विजेता ठरला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकालाही हरवले. १९३३ च्या अखेरीस तो मायदेशी परतला आणि स्पर्धांच्या जगातून नाहीसा झाला. १९६६ मध्ये त्याचे निधन झाले. २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले.

सुलतान खानाचे डाव आज उपलब्ध आहेत. त्यांच्यावर पुस्तक लिहिले ते १९६५ मध्ये कोल्स या इंग्रज लेखकाने. पण त्या डावांमागचा सुलतान खानाचा स्वतःचा विचार कोठे आहे? बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना डावाच्या अखेरच्या टप्प्यात तो कसा थकवत असे, कोणती चिन्हे पाहून तो राजा पुढे काढत असे, हे सांगणारा त्याच्या लेखणीचा ग्रंथ नाही. सूत्र उरले, भाष्य गेले. कोणीही शिष्य त्याच्यापाशी बसून शिकू शकला नाही. एक अलौकिक प्रतिभा आपल्या मातीत जन्मली आणि तिच्यापासून पुढच्या पिढीला जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही. परंपरा प्रतिभेवर चालत नाही, ती हस्तांतरावर चालते.

याच्या उलट उदाहरण त्याने हरवलेल्या कॅपाब्लांकाचे. होझे राउल कॅपाब्लांका १८८८ मध्ये क्यूबाची राजधानी हवाना येथे जन्मला. वडिलांचा खेळ पाहता पाहता चौथ्या वर्षी तो बुद्धिबळ शिकला. १९२१ मध्ये लास्करला हरवून तो जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी त्याचे बुद्धिबळाच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात साध्या मातीपासून, म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या अखेरच्या स्थितींपासून आरंभ करून तो विद्यार्थ्याला संपूर्ण डावापर्यंत नेतो. उत्तरार्धात त्याने आपले डाव टीपांसह दिले. त्यांत १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लास्करकडून झालेला आपला गाजलेला पराभवही त्याने घातला आहे. जगज्जेतेपद नुकतेच हाती आले असताना आपण कोठे आणि कसे हरलो हे विद्यार्थ्यासाठी लिहून ठेवणे, याला शिक्षकाची निष्ठा म्हणतात.

त्याचा एक डाव पाहिला की सटीप अभ्यासाचे मोल कळते. १९२४ मधील न्यूयॉर्कची स्पर्धा. आठ वर्षे एकही डाव न हरलेला कॅपाब्लांका या स्पर्धेत रेतीकडून हरला. सारे जग चकित झाले. पुढच्याच फेरीत त्याची गाठ तार्ताकोव्हरशी पडली. चौतिसाव्या चालीत त्याने आपल्या उंटाने प्रतिपक्षाचा घोडा घेतला आणि पटावर दोघांचा एक-एक हत्ती व पाच-पाच प्यादी उरली. पांढऱ्याचा हत्ती सातव्या ओळीत घुसलेला, पण काळ्याचा हत्ती पांढऱ्याच्या एका प्याद्यावर टपलेला. सामान्य खेळाडू अशा वेळी काय करील? ते प्यादे वाचवील. कॅपाब्लांकाने ते वाचवले नाही. त्याने राजा पुढे टाकला. काळ्याने शह देत प्यादे घेतले. राजा आणखी पुढे गेला. काळ्याने दुसऱ्या प्याद्यावर हल्ला केला, तर पांढऱ्याने आपले दूरचे प्यादे सहाव्या घरात ढकलले. दुसरे प्यादेही शहासह गेले आणि राजा पुन्हा पुढेच गेला.

आता त्या राजासमोर काळ्याचे एक प्यादे सहज घेता येण्यासारखे होते. दोन प्यादी गमावलेला मनुष्य ते लगेच घेईल. कॅपाब्लांकाने तेही सोडून दिले आणि एकोणचाळिसाव्या चालीत राजा आपल्या पुढे सरकलेल्या प्याद्याच्या शेजारी नेऊन बसवला. का? कारण शत्रूचेच ते प्यादे त्याच्या राजाला मागून येणाऱ्या शहांपासून आडोसा देत होते, आणि पुढच्या चालीत हत्तीने मात होणार होती. मात टाळण्यासाठी काळ्याचा राजा कोपऱ्याकडे सरकला. मग पांढऱ्याने शांतपणे एक एक करून चार प्यादी गोळा केली. बावन्नाव्या चालीनंतर काळ्याने डाव सोडला.

हा डाव केवळ नोंदीवरून झरझर खेळून पाहणाऱ्या मुलाला एवढेच दिसेल की पांढऱ्याने दोन प्यादी दिली आणि जिंकला. त्याला तो चमत्कार वाटेल. टीपांसह वाचणाऱ्याला मात्र तीन तत्त्वे हाती लागतात. पहिले, अखेरच्या टप्प्यात राजा हा लपून बसणारा मोहरा नसून लढणारा मोहरा असतो. दुसरे, हत्तींच्या लढाईत प्याद्यांची संख्या पाहण्याआधी कोणाचे मोहरे क्रियाशील आहेत हे पाहावे. तिसरे, घेता येते म्हणून घ्यायचे नसते. कधी कधी शत्रूचा शिपाईच आपली भिंत होतो. ही तीन तत्त्वे त्या मुलाच्या पुढील शेकडो डावांत उपयोगी पडतील. प्रत्यक्षात त्याच्या पटावर ती स्थिती पुन्हा कधीही येणार नाही.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कच्या त्या स्पर्धेत पंचावन्न वर्षांचा लास्कर पहिला आला, कॅपाब्लांका दुसरा आणि अलेक्झांडर अलेखिन तिसरा. स्पर्धेचे सटीप पुस्तक लिहिण्याचे काम अलेखिनकडे होते. स्पर्धेतील सर्व डाव, त्यांत प्रतिस्पर्ध्याचे विजयही, त्याला चालीचालीने तपासावे लागले. वर्णिलेल्या डावावरील टीपाही त्यात आहेत. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्स येथे अलेखिन कॅपाब्लांकासमोर जगज्जेतेपदासाठी बसला, तेव्हा त्याने त्याला त्यापूर्वी एकदाही हरवलेले नव्हते. बहुतेकांना निकाल ठरल्यासारखा वाटत होता. चौतीस डाव झाले. सहा अलेखिनने जिंकले, तीन कॅपाब्लांकाने, उरलेले बरोबरीत सुटले. सामन्यापूर्वी अलेखिनने प्रतिस्पर्ध्याचे डाव बारकाईने अभ्यासले होते. सगळे जग ज्याला निर्दोष यंत्र म्हणत होते, तो आपल्या अंतःप्रेरणेवर प्रमाणाबाहेर विसंबतो आणि नेमकी खातरजमा करायची तेथे ती टाळतो, असे त्याला त्या डावांतच दिसले होते. जगाने कॅपाब्लांकाचे विजय पाहिले, अलेखिनने त्याचे डाव वाचले.

भाष्याचा अभ्यास म्हणजे भाष्यकाराची पूजा नव्हे, हेही याच उदाहरणातून शिकावे. खुद्द अलेखिनने आपल्या डावसंग्रहात १९१५ मधील म्हणून दिलेला पाच वजिरांचा एक विलक्षण डाव प्रत्यक्ष पटावर झालाच नव्हता. तो एका खऱ्या डावाच्या विश्लेषणातील फाटा होता, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. जेत्याची प्रत्येक चाल उत्तम आणि पराभूताची प्रत्येक चाल सदोष, असा निकालाकडे पाहून टीपा लिहिण्याचा दोषही जुन्या लेखकांत आढळतो. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांत मांडत नाहीत. विद्यार्थ्यानेही टीप वाचताना पूर्वपक्ष उभा करावा. भाष्यकार म्हणतो ते खरे का? काळ्याने दुसरे काही केले असते तर? जो विद्यार्थी टीपेशी वाद घालतो, त्यालाच ती टीप कळते.

काही जण विचारतात, शंभर वर्षांपूर्वीचे डाव आजच्या मुलाने कशासाठी पाहावेत? आजचे संगणक इंजिन तर कॅपाब्लांकाहून कितीतरी बलवान आहे. शंका योग्य आहे आणि तिचे उत्तरही सरळ आहे. इंजिन चाल सांगते आणि तिच्यापुढे एक आकडा लिहिते. तो आकडा अचूक असतो. परंतु आकडा म्हणजे कारण नव्हे. दहा वर्षांच्या मुलाला हवे असते कारण, आणि तेही मानवी मनाला पेलणारे. दुसरे असे की, आजच्या श्रेष्ठ खेळाडूंमध्ये दोन्ही बाजू एकमेकांचे बेत आरंभीच ओळखून मोडतात. त्यामुळे त्यांच्या डावात कोणतीही योजना शेवटपर्यंत निर्वेधपणे जाताना दिसत नाही. जे घडले नाही ते पाहण्यासाठी आधीच पुष्कळ ज्ञान लागते. जुन्या डावांत योजना जन्मते, वाढते आणि फळते. बीजापासून वृक्षापर्यंतचा प्रवास डोळ्यांना दिसतो. मुळाक्षरे गिरवताना मोठी आणि सुटी अक्षरे लागतात, तशी ही गोष्ट आहे. इंजिनाचे स्थान नाकारायचे नाही. ते परीक्षकाचे आहे, आणि परीक्षक शिकवणी झाल्यानंतर येतो.

मग हा अभ्यास करावा कसा? त्याची पद्धत खर्चाची नाही. तिला फक्त धीर लागतो. एक लाकडी पट घ्यावा, एक वही आणि एका जुन्या श्रेष्ठ खेळाडूचा सटीप डावसंग्रह. खेळाडू एकच निवडावा आणि त्याच्याशी वर्षभर निष्ठा ठेवावी. आज कॅपाब्लांका, उद्या ताल, परवा फिशर असे भटकू नये. पहिल्यांदा संपूर्ण डाव टीपा न वाचता, सावकाश पटावर मांडून पाहावा. दुसऱ्या वेळी प्रारंभाच्या आठ-दहा चालींनंतर जिंकणाऱ्याची पुढची चाल कागदाने झाकावी, पाच-दहा मिनिटे विचार करावा आणि आपली चाल कारणासह वहीच्या डाव्या पानावर लिहावी. मग कागद सरकवून प्रत्यक्ष चाल पाहावी आणि भाष्यकाराचे कारण उजव्या पानावर उतरवावे. अशी दोन्ही पाने समोरासमोर आली की आपला विचार कोठे अपुरा पडतो हे कोणी सांगावे लागत नाही. कोणी नेहमी हल्ल्याची घाई करतो, कोणी प्रतिपक्षाचा बेत पाहतच नाही, कोणाला मोहऱ्यांची अदलाबदल करण्याची भीती वाटते. हा आरसा दुसरे कोणी दाखवू शकत नाही.

तिसऱ्या वेळी पुस्तक मिटून तोच डाव दुसऱ्याला समजावून सांगावा. आईला, आजोबांना, धाकट्या भावंडाला. जे सांगता येत नाही ते समजलेले नसते. इंजिन उघडायचे ते या तिन्ही पायऱ्या झाल्यावर, आणि तेही आपल्या वहीतील शंका तपासण्यापुरते. आठवड्याला एक डाव पुरे. वर्षाला पन्नास होतात, आणि अंतःकरणात मुरलेले पन्नास डाव पडद्यावर उडवलेल्या पाच हजार डावांना पुरून उरतात. शेवटची पायरी स्वतःचे डाव लिहून काढण्याची. चौदा वर्षांच्या बोटविन्निकने १९२५ मध्ये एकाच वेळी अनेकांशी खेळणाऱ्या कॅपाब्लांकाला हरवले होते. पुढे जगज्जेता झालेल्या या खेळाडूचा आग्रह असे की आपल्या डावांचे विश्लेषण करून ते छापावे, म्हणजे इतरांना आपल्या चुका दाखवता येतात. त्याच्या शाळेतून कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक यांच्यासारखे जगज्जेते घडले, यात त्या शिस्तीचा वाटा आहेच.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण सामाजिक आहे, आणि विदर्भाने तो विशेष लक्षात घ्यावा. नागपूरच्या मुलाला प्रशिक्षक मिळेल, स्पर्धा मिळतील. गडचिरोली, गोंदिया वा यवतमाळच्या एखाद्या तालुक्यातील मुलीला काय मिळेल? परगावच्या स्पर्धांचा प्रवास, निवास, प्रवेशशुल्क आणि शिकवणी यांचा खर्च तिच्या आईवडिलांना झेपणारा नाही. पण एक पुस्तक तिच्या शाळेच्या ग्रंथालयात पोचू शकते. त्या पुस्तकाद्वारे हवानाचा कॅपाब्लांका तिच्या ओसरीवर येऊन बसतो, तिच्या वेगाने शिकवतो आणि मोबदला मागत नाही. गुरुगृही जाण्याची ऐपत नसलेल्या शिष्याच्या घरी गुरूनेच यावे, अशी ही सोय आहे.

मात्र येथे एक अडसर आहे, तो भाषेचा. हे बहुतेक साहित्य इंग्रजीत, रशियनमध्ये वा जर्मनमध्ये आहे. मराठीचा या खेळाशी संबंध जुना आणि मानाचा आहे. नीळकंठ खाडिलकरांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्यांनी १९७४ पासून राष्ट्रीय महिला स्पर्धेवर एका दशकाची मुद्रा उमटवली. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य वेचून या खेळाची पेठ उभी केली. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले. १९८६ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवलेले रघुनंदन गोखले यांनी मराठी वृत्तपत्रांतून या खेळाविषयी वाचकांशी संवाद साधला. तरीही मराठी माध्यमाच्या मुलाने उघडावा असा, चालीचालीवर थांबून कारण सांगणारा सटीप वाङ्मयाचा साठा मराठीत तुटपुंजाच आहे. पैठणच्या घराण्यातील पंडिताने नीतिग्रंथात ज्या खेळाला स्थान दिले, त्या खेळाचा विचार मराठीत वाचायला मिळू नये, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

ही उणीव भरून काढण्यास नागपूरइतकी योग्य भूमी दुसरी नाही. बातुमीचे डाव येथे आहेत, येथल्या तिन्ही ग्रँडमास्टरांचे डाव येथे आहेत. त्यांपैकी पंचवीस डाव निवडून, ज्यांनी ते खेळले त्यांच्याकडून त्या-त्या क्षणीचा विचार जाणून घेऊन, सुबोध मराठीत टीपांसह ते छापले, तर विदर्भातील प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याजोगा ग्रंथ सिद्ध होईल. प्रशिक्षकांनी टीपा तपासाव्यात, भाषेच्या शिक्षकांनी भाषा पाहावी, ग्रंथालयांनी प्रती घ्याव्यात. यात फार मोठे धन लागत नाही; लागते ते व्यासंगाचे बळ. सत्कार, हार आणि मिरवणुका यथोचित आहेत. पण हार दुसऱ्या दिवशी सुकतो आणि ग्रंथ पिढ्या पाहतो.

पालकांनी यात एवढेच करावे की मुलाला रोज निकाल विचारू नये. किती गुण मिळाले, गुणांकन किती वाढले, हे प्रश्न महिन्यातून एकदा पुरेत. त्याऐवजी आठवड्यातून एकदा पटासमोर बसून म्हणावे, या आठवड्याचा डाव समजावून सांग. खेळ येत नसला तरी चालेल. ऐकणारा समोर असला की सांगणाऱ्याचा विचार स्वच्छ होतो. यातून प्रत्येक घरात ग्रँडमास्टर घडणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण समोरच्याची बाजू आधी पाहावी, कारण असल्याशिवाय पाऊल टाकू नये, मिळते म्हणून घेऊ नये आणि आपली चूक स्वतःच्या हाताने वहीत लिहावी, एवढे संस्कार घेऊन उठलेले मूल पटावर हरले तरी जीवनात हरत नाही.

सुलतान खान आपले भाष्य मागे न ठेवता गेला. आजच्या पिढीच्या बाबतीत ती हानी पुन्हा होऊ द्यायची की नाही, हे ठरवणे या नगराच्या हाती आहे. खेळाडू येथे घडले आहेत. आता त्यांच्या विचारांचे लेखन व्हावे, ते मराठीत व्हावे आणि गावोगावच्या मुलांपर्यंत पोचावे. पट मांडलेला आहे आणि पुढची चाल नागपूरची आहे.